चार गाड्या पुढं, एक मागं

लातूरच्या मार्केट यार्डात एका अडतीवर मी मुनीम आहे. रोज सकाळी मुंबईहून तुरीचे भाव येतात. लेमन, अरुषा, मटवारा, गजरी. लेमन म्हणजे बर्माची तूर, बाकीच्या तिन्ही आफ्रिकेच्या. एकोणीस वर्षं हे शब्द मी आधी वहीत आणि मग कॉम्प्युटरवर लिहीत आलोय. अरुषा हे कुठलंतरी गाव असणार हे कळत होतं, पण कानाला तो भावच होता. 'अरुषा शंभरनं तुटली' असं कुणी म्हणलं की पुढचं गणित डोक्यात आपोआप सुरू व्हायचं.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याच अरुषात मी हेल्मेट काढून उभा होतो. शहराच्या मधोमध घड्याळाचा टॉवर आहे. त्याच्याभोवती मोटारसायकलींचा नुसता गराडा, आणि दुकानांच्या पाट्यांवर जिकडंतिकडं ते नाव. मी दाजींना म्हणलं, "दाजी, बघा, अरुषा." दाजी म्हणले, "आज काय निघाली?" आम्ही दोघंही हसायलो, आणि मग मला एकदम भरून आलं. एवढी वर्षं ज्याचा भाव लिहिला, त्या गावातनं माणसं भाजी घेऊन घरी चालली होती.

आमचा प्रवास मोंबासा ते डर्बन असा होता. केनिया, टांझानिया, झांबिया, बोत्सवाना, दक्षिण आफ्रिका. देश पाच, गाड्या पाच, माणसं पाच. दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. निलंग्याकडचे गुरुजी, इतिहास शिकवून रिटायर झालेले, वय बासष्ट. उदगीरचे जनावरांचे डॉक्टर. औशाचा मिस्त्री, ज्याच्या गॅरेजात हा सगळा बेत शिजला. आणि मी. पाचही गाड्या रॉयल एनफिल्डच्या हिमालयन, कारण मिस्त्रीची अटच होती की सगळ्यांची गाडी एक पाहिजे. क्लच वायर, ट्यूब, ब्रेक पॅड, चेन-स्पॉकेट, सगळं एकाच गाडीचं घेतलं की ओझं कमी.

परत आल्यापासून लोक विचारतात, सिंह दिसला का, हत्ती अंगावर आला का. हत्ती दिसले, बोत्सवानात कासानेहून नाटा गावाकडं जाताना अगदी डांबराला लागून. पण मला लिहायचंय ते नाक्यांबद्दल. एका देशातनं दुसऱ्या देशात गाडी नेताना काय करावं लागतं, आणि पाच जण सोबत असले की ते काम कसं होतं, त्याबद्दल.

निघायच्या आधी औसा रोडवरच्या चहाच्या हॉटेलात बसून आम्ही नियम ठरवले होते. सगळ्यात हळू चालवणारा सगळ्यात पुढं. म्हणजे गुरुजी पुढं, साठच्या स्पीडनं, आणि बाकीचे त्यांच्या मागं. मिस्त्री कायम शेवटी, म्हणजे कुणाची गाडी बंद पडली तर तो येतोच. फाटा आला की मागचा दिसेपर्यंत पुढच्यानं थांबायचं. आणि चौथा नियम डॉक्टरांनी सांगितला : पाचही गाड्यांवर शिक्का बसल्याशिवाय कुणी नाका सोडायचा नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. नियम करताना सोपे वाटतात.

कागदांचं काम माझ्याकडं. माझा धंदाच तो. गाडी आपल्या देशातनं नेऊन दुसऱ्या देशात तात्पुरती फिरवायची तर 'कार्ने' लागतं. गाडीचा पासपोर्टच म्हणा. गाडी तिकडं नेऊन विकली तर त्या देशाची कस्टम ड्युटी बुडते, म्हणून आपल्याकडं आधी बँकेची हमी द्यावी लागते आणि मग हे पुस्तक मिळतं. त्याच्या एकेका पानाचे तीन भाग. देशात शिरताना खालचा भाग शिक्का मारून फाडून घेतात, बाहेर पडताना मधला फाडतात, आणि वरची स्थळप्रत पुस्तकातच राहते. तिच्यावर आत आल्याचा आणि बाहेर गेल्याचा असे दोन्ही शिक्के पाहिजेत. बाहेर पडल्याचा शिक्का राहिला तर त्या देशाच्या हिशेबी गाडी अजून तिथंच आहे, आणि तुमची हमी अडकली. अडतीवर बिल्टी आणि पावतीबुक सांभाळणाऱ्या माणसाला यात नवं काही नाही. पाचही जणांचे फॉर्म मीच भरले, पाचही पुस्तकं माझ्याच बॅगेत. शिवाय पिवळी कार्डं दोन-दोन : एक पीतज्वराची लस घेतल्याचं, जे नसलं तर परत आपल्याच देशात उतरताना अडवतात, आणि दुसरं कोमेसाचं, म्हणजे एकाच कागदावर तिकडच्या कितीतरी देशांत चालणारा थर्ड पार्टी विमा.

पहिला नाका केनियातलं टावेटा आणि टांझानियातलं होलिली. इथं एक गोष्ट शिकलो. तिकडं आता बऱ्याच ठिकाणी दोन्ही देशांची ऑफिसं एकाच छताखाली आणलीत. ज्या देशात जायचंय त्या बाजूच्या इमारतीत सरळ जायचं. एका खिडकीवर मागच्या देशाचा शिक्का, शेजारच्या खिडकीवर पुढच्याचा. हे माहीत नसलं की माणूस मागच्या देशाच्या रिकाम्या इमारतीत चकरा मारत बसतो. होलिलीत आम्हाला तासाभरात मोकळं केलं. नुकसान झालं ते फक्त कॅरीबॅगांचं. टांझानियानं २०१९ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातलीय, आणि बहिणीनं कारळाची, जवसाची, शेंगदाण्याची अशा तिन्ही चटण्या पिशव्यांत बांधून दिल्या होत्या. तिथल्या शिपायानं पिशव्या काढून घेतल्या, चटण्या मात्र परत दिल्या. मग दाजींनी रस्त्याच्या कडेला बसून त्या स्टीलच्या डब्यात भरल्या. मागं किलिमांजारो ढगात, आणि आम्ही पाच जण बोटाला लागलेली चटणी चाटायलो.

अरुषाहून दक्षिणेला पावणेदोनशेच्या आसपास किलोमीटरवर बाबाती. तिथं मी गाडी थांबवायला लावली.

मका निघून गेला होता आणि मक्याच्या धसकटांत तूर उभी होती. पिवळी पडलेली, शेंगांनी वाकलेली. आपल्याकडं तूर जून-जुलैत पडते आणि पौष-माघात निघते. तिकडं ती मक्यासोबत पेरतात, मका आधी काढतात, आणि तूर ऑगस्ट-सप्टेंबरात वाळते. आपल्याकडची जुनी तूर संपत आली की तिकडची बंदरावर येऊन उतरते, ती यामुळं. हे मी वहीवरनं शिकलो होतो. इथं ते शेतात उभं होतं.

रस्त्यालगतच ताडपत्री टाकून दोन बाया आणि एक म्हातारा काठीनं शेंगा झोडपत होते. बाई सुपानं उपणत होती, वाऱ्याकडं पाठ करून, आमच्याकडं उपणतात तशीच. मी हात जोडले आणि ताडपत्रीवरचे चार दाणे उचलले. टपोरा, पांढरट दाणा, आपल्या बदनापूरच्या ७११ वाणासारखा. सवयीनं एक दाढेखाली धरला. कडकन फुटला. वाळलेली तूर अशी फुटते. ओल असली की दाणा दबतो, फुटत नाही. म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं, खाली वाकला, एक दाणा उचलला आणि त्यानंही दाढेखाली फोडला. मग माझ्याकडं बघून मान हलवली. भाषा एकमेकांची येत नव्हती. पण त्याला कळलं होतं, हा माणूस घेणाऱ्यांतला आहे.

मोटारसायकलवर भाडं मारणारा एक पोरगा थांबला होता, त्याला इंग्रजी येत होतं. तुरीला ते 'म्बाझी' म्हणतात. म्हातारा म्हणला, यंदा भाव आहे. मग काहीतरी बोलला आणि हाताचा तळवा पालथा करून झटकला. पोरगा म्हणला, "२०१७ बद्दल सांगायलेत. त्या वर्षी इंडियानं घेणं बंद केलं."

बंद नव्हतं केलं, वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली होती, त्या साली ऑगस्टमध्ये. ती का घातली हे मला पक्कं माहीत आहे. आधीची दोन वर्षं दुष्काळ, मग २०१६ ला पाऊस झाला, लोकांनी तूर लावली, आणि यार्डात माल मावेना. हमीभाव ५,०५० रुपये आणि बाजारात त्याच्या कितीतरी खाली. खरेदी केंद्राबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा, बारदाना संपलेला, आठ-आठ दिवस लोक ट्रॉलीवर झोपलेले. माझा चुलताही त्या रांगेत होता. बाहेरची तूर थांबवा म्हणणाऱ्यांत मी होतो. आजही ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण थांबवलेली तूर कुणाच्या तरी ताडपत्रीवर राहिली असणार, हे तेव्हा एकदाही मनात आलं नाही. म्हातारा म्हणला, त्या साली अर्धी तूर त्यानं काढलीच नाही, काढायची मजुरी निघत नव्हती.

त्याला मी काय सांगणार? मी आमच्याकडच्या रांगेचं सांगितलं. पोरानं ते स्वाहिलीत सांगितलं, त्यात 'फोलेनी' हा शब्द दोन-तीनदा आला. फोलेनी म्हणजे रांग. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं आणि बाईला काहीतरी म्हणला. तिनं सुपातली ओंजळभर तूर माझ्या रुमालात बांधून दिली. बाहेरचं धान्य नाक्यावरनं नेता येत नाही, हे मला माहीत होतं. त्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी आम्ही ती शिजवून खाल्ली. शिजायला वेळ लागला, चव गोडसर.

पुढं डोडोमापर्यंत कोरडा मुलूख, हातपंपापाशी पिवळ्या कॅनांच्या रांगा. गुरुजी एका ठिकाणी नुसते थांबले, बघत राहिले आणि म्हणले, "२०१६. मिरजेची रेल्वे." आम्हाला सगळ्यांनाच ती लातूरला पाणी घेऊन येणारी गाडी दिसत होती. इरिंगापासून थंडी, आणि गावागावात ५० ची मर्यादा. पांढऱ्या कपड्यातले पोलीस झाडाआडून स्पीड मोजतात. गुरुजी पुढं असल्यामुळं आम्हाला एकदाही दंड झाला नाही. म्बेयानंतर डोंगर उतरला आणि टुंडुमाच्या कितीतरी अलीकडं ट्रकांची रांग सुरू झाली.

टुंडुमा टांझानियाचं, नाकोंडे झांबियाचं. झांबियाच्या खाणींतलं तांबं या रस्त्यानं दार-ए-सलामच्या बंदराला जातं आणि बंदरावरचा माल या रस्त्यानं आत येतो. तांब्याच्या जाड पाट्या ट्रकवर नुसत्या रचलेल्या असतात, साखळ्यांनी आवळलेल्या. दोन्ही बाजूला ट्रक, मधून हातगाड्या, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बाया, पैसे बदलून देणारी पोरं. आम्ही शुक्रवारी साडेअकराला पोचलो. नाका ओलांडला की घड्याळ एक तास मागं घ्यायचं, म्हणजे साडेदहाच. तासाचा फायदा झाला म्हणून मिस्त्री खूश होता.

पासपोर्टवर शिक्के झाले. लसीची कार्डं बघून झाली. कस्टमच्या खिडकीवर चष्मा लावलेल्या एक बाई होत्या. पाचही कार्ने घेतली, टॉर्च घेतला आणि बाहेर आल्या. केनिया-टांझानियात फक्त नंबर प्लेट बघितली होती. या बाई प्रत्येक गाडीपाशी उकिडव्या बसल्या, हँडलखालच्या चॅसिसच्या मानेवरची धूळ अंगठ्यानं पुसली आणि नंबर एकेक अक्षर वाचला. माझी गाडी, दाजींची, डॉक्टरांची, मिस्त्रीची. गुरुजींच्या गाडीपाशी त्यांनी दोनदा अंगठा फिरवला. मग मला बोलावलं आणि टॉर्च माझ्या हातात दिला.

लोखंडावर 'बी' होता. कार्नेवर आठ.

मला आत कुठंतरी गार पडलं, कारण चूक कुठं झाली ते तिथल्या तिथं कळलं. आरटीओत गाडी नावावर करताना चॅसिसवर कागद धरून वरनं पेन्सिल घासतात, नंबरचा छाप उमटतो. चार गाड्यांचे तसे छाप मी स्वतः घेतले होते आणि त्यावरनं फॉर्म भरले होते. गुरुजींची गाडी त्या दिवशी निलंग्याला होती, घरात पुतणीचं लग्न होतं. मी म्हणलं, कशाला त्यांना दगदग, आरसी बुकाची झेरॉक्स आहे की. झेरॉक्स पुसट होती. मी आठ वाचला. फॉर्मवर आठ, म्हणून कार्नेवर आठ.

बाई वाईट वागल्या नाहीत. त्या म्हणल्या, तुमच्या हातानं यात काही बदल करता येणार नाही, ज्यांनी पुस्तक दिलं त्यांचं पत्र आणा, मी दुरुस्ती करून शिक्का मारते. तोवर ही गाडी आवारात राहील. बाकी चार मोकळ्या. आणि त्यांनी चार पुस्तकांवर शिक्के मारले.

तिथं दुपारचा एक म्हणजे आपल्याकडं साडेचार. सिमकार्ड घेऊन, रिचार्ज करून मुंबईला फोन लागेपर्यंत तिकडं पावणेसहा वाजले होते. फोन वाजत राहिला. पुढं शनिवार, रविवार.

आवाराच्या भिंतीला टेकून आम्ही बसलो. मी सगळं सांगून टाकलं, झेरॉक्सपासून. गुरुजींनी ती झेरॉक्स मागितली. चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ धरली, बराच वेळ बघितली आणि म्हणले, "मलाबी आठच वाटला असता रं." मग कागद घडी करून मला परत दिला. "तुमी चौघं व्हा पुढं. मी येतो मागनं."

डॉक्टर म्हणले, "म्पिकापर्यंत जाऊन थांबू. इथं या धुळीत पाच जणांनी बसून काय उपयोग? मुनीम गुरुजींजवळ राहतील." त्यांची रजा मोजून मंजूर झाली होती, पुढं डर्बनला कंटेनरचा दिवस ठरलेला. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. दाजी काही बोलेनात. मिस्त्री उठून गुरुजींच्या गाडीची चेन बघायला लागला, जिला काहीच झालेलं नव्हतं. मला बोलायला तोंड नव्हतं. भिंतीपलीकडं ट्रकांचे एअर ब्रेक सुटल्याचे आवाज येत होते.

मिस्त्री चेनवरनं मान न उचलता म्हणला, "डॉक्टर, चौथा नियम तुमीच सांगितलता की."

डॉक्टर काही बोलले नाहीत. संध्याकाळी लॉजवर टेबलाभोवती बसलो तेव्हा त्यांनी गाडीची चावी काढून माझ्यापुढं ठेवली. "ह्या पण तुमच्या बॅगेत ठेवा, मुनीम. पाचही एका जागी राहू द्या." आणि फोन घेऊन बाहेर गेले. बिनपगारी रजेसाठी त्यांना साहेबांशी किती वेळ बोलावं लागलं ते खिडकीतनं दिसत होतं. पुढच्या सगळ्या प्रवासात आणि आल्यावरही त्या दिवसांचा विषय त्यांनी एकदासुद्धा काढला नाही.

अडीच दिवस. शनिवारी सकाळी बाईंच्या परवानगीनं मी आवारात गेलो, वहीचं पान फाडलं, चॅसिसवर धरलं आणि पेन्सिल घासली. 'बी' स्वच्छ उमटला. फोटो काढून मुंबईला मेल केला, सोबत दोन ओळींचा अर्ज. अर्जात लिहिलं की चूक अर्जदाराची आहे. ते लिहिताना हात जड झाला होता, पण लिहिल्यावर बरं वाटलं.

बाकी वेळ ट्रकवाल्यांत गेला. आमच्या लॉजसमोरच त्यांची रांग. कोळशाच्या शेगड्या मांडून ते ट्रकच्या सावलीत उगाली शिजवायचे, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. बेसन आमच्याकडं होतं. दाजींनी त्यांच्या शेगडीवर पिठलं केलं, आणि भाकरीच्या जागी उगाली. एका ड्रायव्हरनं कारळाची चटणी तीनदा मागून घेतली. तो तांबं घेऊन निघालेला, नाक्यावर चौथा दिवस. माझ्या कपाळावरच्या आठ्या बघून तो सारखा म्हणायचा, "सुबिरी, सुबिरी." गुरुजींनी कान टवकारले. सुबिरी म्हणजे थांब, धीर धर. आपली सबुरी! मग गुरुजींना नादच लागला. ड्रायव्हरला एकेक वस्तू दाखवून नाव विचारायचे. हिशेबाला हेसाबू. पेनाला कलामू. दुकानाला दुका. गाडीला गारी. विम्याला बीमा. शिक्क्याला मुहुरी, म्हणजे मोहर. आमच्याकडं निजामाचं राज्य होतं, उर्दूतनं हे शब्द घराघरात आलेले. तिकडं ते अरबी गलबतांतनं, गुजराती दुकानांतनं गेले. माझ्या धंद्याचे सगळे शब्द त्या ड्रायव्हरच्या तोंडात होते.

रविवारी रात्री दिवे गेले. अंधारात गुरुजी बोलायला लागले, वर्गात बोलायचे तसं. "मलिक अंबर ह्याच खंडातला. हबसाणातला, म्हणजे आताच्या इथिओपियातला. पोरवयात विकला गेला, मग पुन्हा विकला गेला, बगदादकडनं दख्खनमध्ये आला. १६१० ला खडकी, म्हणजे आताचं संभाजीनगर, वसवली, नहरीनं पाणी आणलं, १६२६ ला गेला. खुलताबादला कबर आहे, मी दरवर्षी पोरांची सहल न्यायचो. इतके देश ओलांडले त्यानं. त्याच्याजवळ कागद काय असणार? असलाच तर विकल्याचा." थोड्या वेळानं म्हणले, "आपल्याला एका अक्षरासाठी अडवलंय. पण अडवलं तर माझ्या नावानं, माझ्या गाडीच्या नावानं. हे थोडं नाही."

मिस्त्रीला झोप लागली होती. बाकी आम्ही जागे होतो.

सोमवारी सकाळी आठ वाजता, म्हणजे मुंबईत साडेअकराला, पहिल्याच रिंगमध्ये फोन उचलला गेला. नऊ वाजून दहा मिनिटांनी पत्र आलं. लॉजशेजारच्या दुकानात प्रिंट काढली आणि पळत गेलो. त्याच बाई होत्या. त्यांनी पत्र वाचलं, माझा पेन्सिलचा छाप त्याच्याशेजारी ठेवला, पुन्हा बाहेर येऊन लोखंडावरचा नंबर वाचला. मग निळ्या पेनानं आठवर एक आडवी रेघ, वर 'बी', शेजारी सही, आणि मोहर. ठप्प! एवढा गोड आवाज मी अडतीवर कधी ऐकला नाही.

गुरुजी पुढं, आम्ही मागं, मिस्त्री शेवटी. फाटकातनं पाचही निघालो तेव्हा तो चटणीवाला ड्रायव्हर अजून रांगेतच होता. त्यानं हॉर्न दाबून धरला.

झांबिया लांबच लांब आहे. इसोका, म्पिका, कापिरी म्पोशी, लुसाका. रस्त्याला कितीतरी अंतर सोबत राहते ती चिन्यांनी सत्तरच्या दशकात बांधलेली टाझारा रेल्वे, पण गाडी एकच दिसली. लिव्हिंगस्टनला दोन दिवस ठरवले होते, एक दुपार मिळाली. सप्टेंबर असल्यामुळं झांबियाच्या बाजूनं व्हिक्टोरिया धबधब्याला पाणी थोडंच होतं, काळा उघडा कडा जास्त. कुणी कुरकुरलं नाही.

मग काझुंगुला. झांबेझीवर झांबिया आणि बोत्सवानाची हद्द एवढीशी भिडते की तिथं २०२१ पर्यंत तराफ्यावरनं ट्रक न्यायचे. आता ९२३ मीटरचा पूल आहे, झिम्बाब्वेच्या हद्दीला चुकवण्यासाठी धनुष्यासारखा वाकवलेला. पलीकडं उतरलं की आधी बूट औषधाच्या ओल्या पोत्यावर पुसायचे, गाडीची चाकं औषधाच्या पाण्यातनं काढायची, जनावरांच्या लाळ-खुरकुताच्या रोगासाठी. डॉक्टर तिथल्या माणसाशी इतके रमले की त्यांना हाका माराव्या लागल्या. कार्नेवर इथं बसणारा शिक्का पुढं दक्षिण आफ्रिकेलाही चालतो, दोन्ही देशांची कस्टमची हद्द एकच, त्यामुळं हा शेवटचा मोठा नाका.

मी पुस्तकं घेऊन रांगेत उभा राहिलो. मागं वळून बघितलं तर गुरुजी गाड्यांपाशी होते. बाटलीतल्या पाण्यानं रुमाल ओला केला होता आणि एकेका गाडीपाशी उकिडवं बसून चॅसिसची मान पुसायलेले. अधिकारी अजून बाहेर आलाही नव्हता. पाचही पुसून झाल्यावर ते पहिल्या गाडीपाशी परत आले, चष्मा कपाळावर चढवला आणि रांगेतल्या मला ऐकू येईल अशा आवाजात नंबर वाचायला लागले, वर्गात हजेरी घ्यावी तसा.

"एम. ई. तीन."

मी पुस्तक उघडून बोट ठेवलं आणि म्हणलं, "हाय, गुरुजी."